माणसाची पैसेवारी

पिकाची पैसेवारी काढतात, हे खेड्यात लहान पोरालाही ठाऊक असतं. आधी नजरअंदाज पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. पन्नास पैशांच्या आत आली की गाव टंचाईग्रस्त, वर गेली की गाव सुखी, असा वर्षानुवर्षांचा सरकारी हिशेब. एकोणपन्नास पैसेवाल्या गावातला शेतकरी आणि एकावन्न पैसेवाल्या गावातला शेतकरी बांधाला बांध लावून कसत असतात, पाऊस दोघांवर सारखाच रुसलेला असतो, पण एक टंचाईग्रस्त ठरतो आणि दुसरा सुखी. मग सुखी ठरलेला माणूस तहसील कचेरीवर मोर्चा नेतो. आपण सुखी ठरलो म्हणून चिडून घोषणा देणारी माणसं जगात आणखी कुठे असतील असं वाटत नाही.

माणसाचीही पैसेवारी काढतात. पूर्वी ती सोयरीक जुळवणारे काढत. आता त्यासाठी देशोदेशी संस्था आहेत, प्रश्नावल्या आहेत, निर्देशांक आहेत. या संस्थांची एक गंमत अशी की तुमच्याकडे पैसे किती, हे त्या थेट विचारत नाहीत. असलेल्या पैशांबद्दल तुम्हाला कसं वाटतं, असं विचारतात. आपल्याकडे नेमकं उलट. शेजाऱ्याकडे किती आहेत याचा आकडा आपण त्याच्या बाल्कनीत वाळत घातलेल्या टॉवेलवरूनही काढू शकतो. त्याबद्दल त्याला कसं वाटतं, हे त्याचं तो बघेल.

अमेरिकेतल्या कन्झ्युमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्युरो या सरकारी संस्थेने २०१५ साली दहा प्रश्नांची एक मोजपट्टी तयार केली. अचानक मोठा खर्च अंगावर आला तर झेपेल का, महिनाअखेर काही उरतं का, पैशाच्या काळज्याच तुमचं आयुष्य चालवतात का, अशा धर्तीचे प्रश्न. प्रत्येकाला पाच पर्याय, आणि सगळ्याचा मिळून शून्य ते शंभरमधला एक गुणांक. २०१७ साली त्यांनी आपल्या देशाचा निकाल जाहीर केला तेव्हा सरासरी निघाली ५४. मी हे आमच्या निवृत्त प्राध्यापक काकांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “म्हणजे हायर सेकंड क्लास एका मार्काने हुकला. ग्रेस देत नाहीत का तिकडे?”

ही पट्टी मी नात्यागोत्यात लावून पाहिली. पहिली अडचण त्या पाच पर्यायांची. बहुतेक प्रश्नांना ‘पूर्णपणे’, ‘बरंचसं’, ‘थोडंफार’, ‘अगदी कमी’ आणि ‘मुळीच नाही’. आमच्याकडे ‘पूर्णपणे’ असं कोणी म्हणत नाही, कारण दृष्ट लागते. ‘मुळीच नाही’ असंही म्हणत नाही, कारण अब्रू जाते. ‘बरंचसं’ म्हटलं तर समोरचा उसने मागेल आणि ‘अगदी कमी’ म्हटलं तर तो कीव करेल. राहता राहिलं ‘थोडंफार’. तेव्हा दहाच्या दहा प्रश्नांना सगळ्यांचं उत्तर मधलंच. काकांनी तर प्रश्न ऐकायचीही वाट पाहिली नाही. “बरं चाललंय, असं लिही सगळीकडे,” म्हणाले. ज्यांचं उत्तम चाललंय ते आणि ज्यांचं मोडायला आलंय ते, आमचे सगळे नातेवाईक त्यामुळे पन्नासच्या काठावर येऊन बसले.

अपवाद मावशीचा. महिनाअखेर काही उरतं का, या प्रश्नावर तिने आधी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. मग म्हणाली, “उरतं असं ह्यांना कळलं तर उरेल का?” तिच्याकडे रव्याच्या डब्यात, रव्याखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत काही नोटा आहेत. नोटाबंदीच्या वेळी २०१६ साली त्या एकदा नाइलाजाने उजेडात आल्या होत्या, आणि त्या दिवशी तिच्या यजमानांना बसलेला धक्का पंतप्रधानांच्या भाषणाने बसलेल्या धक्क्याहून मोठा होता. महिनाभरात डबा पुन्हा भरू लागला. बाहेरच्या खोलीत बसलेल्या यजमानांनी त्याच प्रश्नाला “कसलं उरतंय!” असं उत्तर दिलं होतं. एका घराचे दोन गुणांक निघाले, आणि दोन्ही खरे.

पण त्या अमेरिकन प्रश्नावलीतल्या एका प्रश्नाने मी चकितच झालो. लग्न, वाढदिवस किंवा अशाच प्रसंगी भेट द्यावी लागली तर तुमच्या महिन्याच्या खर्चावर ताण पडतो का, असा तो प्रश्न आहे. वॉशिंग्टनमधल्या तज्ज्ञांना हे सुचलंच कसं? मे महिन्यात एका आठवड्यात पाच मुहूर्त आलेले असताना पुण्यात कोणीतरी त्यांना फिरवून आणलेलं असणार.

कारण मराठी माणसाच्या पैशाच्या व्यवहाराची खरी परीक्षा आहेरात होते. आमच्या काकूकडे आहेराची वही आहे. तिच्या लग्नात मांडवाच्या तोंडाशी एक विश्वासू भाचा पेन घेऊन बसला होता. त्याने नाव आणि रक्कम लिहून घेतली, तेव्हापासून त्या वहीत जमा आणि नावे दोन्ही बाजू चालू आहेत. मागच्या वर्षी एका पत्रिकेवरून खल झाला. नवरा मुलगा ज्या घरचा, त्या घरातून १९८९ साली एकावन्न रुपये आले होते. आता परत किती करायचे? काकूने कागद-पेन घेतलं नाही की मोबाइल घेतला नाही. म्हणाली, “तेव्हा सोनं तोळ्याला तीन हजार-बत्तीसशेच्या घरात होतं. आता लाखाच्या वर आहे. म्हणजे एकावन्नाचे सोळाशे तरी झाले. पण माणशी ताट आता आठशेच्या खाली नाही, आणि आपण चौघं जाणार.” मग थोडं थांबून, “पण त्यांनी आपल्या सुमीच्या लग्नात नुसताच पुष्पगुच्छ दिला होता. पाचशे एक घाल.”

महागाई, सोन्याचा भाव, समोरच्याने केलेला खर्च आणि मधल्या काळात झालेली थकबाकी, या सगळ्यांचा मेळ घालून तिने एका दमात आकडा काढला. आणि ‘कृपया आहेर आणू नये’ असं पत्रिकेवर छापलेलं असेल तर? त्याचाही तिच्याकडे दर ठरलेला आहे. छापणारं घर खरंच घेणार नसेल तर पाकीट पर्समध्येच राहतं. “नको हो, नको हो” म्हणत तीनदा ढकलून चौथ्यांदा घेणारं असेल तर नेहमीची रक्कम. कोण कुठल्या गटात, हे वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं आहे.

सरकारची मापं मात्र इतकी बारीक नसतात. सरकारला रंग आवडतात. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून रेशन कार्डं तीन रंगांची झाली. १५,००० रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्नवाल्याचं पिवळं, तिथून १ लाखापर्यंतच्याचं केशरी आणि त्याच्या वर पांढरं. पिवळ्यासाठी अटीही होत्या: घरात चारचाकी नसावी, टेलिफोन नसावा, कोणी डॉक्टर, वकील किंवा चार्टर्ड अकाउंटंट नसावा. टेलिफोनची अट आज वाचताना मौज वाटते. आज रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा लागत नाही म्हणून ज्याला बोलावतात, तो पिवळ्या कार्डाचा मालक हातातल्या मोबाइलवर बोलतच येतो. वकिलाची अट मात्र मला कधी नीट उमगली नाही. आमच्या तालुक्याच्या कोर्टाबाहेर झाडाखाली बसणारे काही वकील मी पाहिले आहेत. त्यांच्या घरी त्या अटीचा फार राग होता.

रंगाच्या जोडीला उत्पन्नाचा दाखला. तहसीलदारांच्या सहीचा हा कागद ज्याने वाचला, त्याला मराठी मध्यमवर्गाच्या नम्रतेची कल्पना येते. एकाच माणसाची चार-पाच उत्पन्नं असू शकतात, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात नसेल, पण आपल्या फाइलमध्ये असतं. मुलाच्या फीसवलतीसाठी तहसील कचेरीत सांगायचं एक. आयकराच्या विवरणात दाखवायचं दुसरं, जरा वाढलेलं, कारण तिथे पगाराचं सगळं आधीच कळलेलं असतं. गृहकर्जाच्या अर्जात तिसरं. त्यात पत्नीच्या शिकवण्या, गावच्या शेतातला वाटा आणि “इतर” नावाचं एक भरघोस पीक येतं. मुलीचं स्थळ बघायला गेल्यावर चौथं, जे आकड्यात सांगत नाहीत. “तसं देवाच्या दयेने सगळं आहे” असं म्हणत खिडकीतून खाली उभ्या असलेल्या गाडीकडे नुसतं बघतात. आणि पाचवं सोसायटीच्या वार्षिक सभेत, लिफ्टच्या दुरुस्तीसाठी वर्गणी काढायचा विषय निघतो तेव्हा. या पाचव्यात माणूस इतका गरीब होतो की खजिनदाराला स्वतःच्या खिशात हात घालावासा वाटतो.

यातलं कुठलंही एक उत्पन्न दुसऱ्याला भेटू नये, याची काळजी घेणं हेच पूर्वी पैशाचं व्यवस्थापन होतं. मग सिबिल आलं आणि पंचाईत झाली.

सिबिल, म्हणजे क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो, ही संस्था २००० साली स्थापन झाली. तिचा गुणांक ३०० ते ९०० असा असतो. ३०० च्या खाली कोणी जातच नाही, म्हणजे नुसतं परीक्षेला बसल्याचे तीनशे गुण मिळतात. आमच्या शाळेत ही पद्धत असती तर आमच्या वर्गातली निम्मी मुलं इंजिनिअर झाली असती. साडेसातशेच्या वर असलेल्याला बँका बसायला खुर्ची देतात. हप्ते वेळेवर भरणं, कार्डाची मर्यादा काठोकाठ न वापरणं, उठसूट नव्या कर्जाला अर्ज न करणं, या गोष्टींनी तो चांगला राहतो. इथवर सगळं आईच्या शिकवणीला धरून आहे.

गोची पुढे आहे. आमचे दुसरे काका, नाकासमोर चालणारे. आयुष्यात कोणाचा एक पैसा ठेवला नाही. कर्ज नाही, कार्ड नाही, किराणा दुकानात उधारीची चोपडी नाही. सायकल घेतली तीही पैसे साठवून. निवृत्तीनंतर मुलाच्या व्यवसायासाठी पहिल्यांदा बँकेत कर्ज मागायला गेले. साहेबाने संगणकात डोकावून सांगितलं, “काका, तुमचा इतिहासच नाही.” ज्याने कधी कर्ज घेतलं नाही त्याच्या खात्यावर गुणांकाच्या जागी पूर्वी उणे एक दिसायचा. सत्तर वर्षं सचोटीने वागून उणे एक! काका बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले. त्यांच्या शेजारी बसलेल्या तरुणाने तीन मोबाइल, एक बुलेट आणि गोव्याची एक सहल, एवढं सगळं हप्त्यांवर घेतलेलं होतं आणि त्याचा गुणांक ७८१ होता. “शिक काहीतरी,” असं काकांनी स्वतःच्याच मुलाला सांगितलं, पण काय शिकायचं ते मात्र सांगितलं नाही. आता रिझर्व्ह बँकेनेच बँकांना बजावलं आहे की पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला केवळ इतिहास नाही म्हणून परत पाठवू नका. काकांनी ती बातमी कापून पाकिटात ठेवली आहे. कर्ज मात्र नको म्हणतात, उगाच इतिहास कशाला घडवायचा.

सिबिल बँकेपुरतं राहिलं असतं तरी ठीक होतं. २०२५ च्या फेब्रुवारीत अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरची एक बातमी सगळीकडे छापून आली. लग्न जवळपास ठरलेलं. बैठकीत मुलीच्या मामांनी मुलाचा सिबिल बघायला मागितला. तो निघाला पडेल, डोक्यावर कर्जं. लग्न मोडलं. मला यात मामांचं कौतुक वाटतं. लग्नातला मामा हा आजवर अंतरपाटामागे मुलीला धरून आणण्यापुरता होता. एकदम पतमानांकन विभागाचा प्रमुख झाला. छत्तीस गुणांच्या पत्रिकेला नऊशे गुणांची जोड मिळाली. आता ‘नाडी एक आहे, पण सिबिल आठशे आहे, तेव्हा दोष धरू नये’ असा शांतीचा उपाय कोणीतरी काढेलच. वधू-वर सूचक मंडळांच्या अर्जात रंग, उंची आणि गोत्राच्या खाली एक रकाना वाढवायला जागाही आहे.

आता कौशल्याकडे. पैसे असणं वेगळं आणि ते हाताळता येणं वेगळं, हे तज्ज्ञांचं म्हणणं योग्यच आहे. रिझर्व्ह बँक, सेबी वगैरे नियामकांनी मिळून काढलेल्या राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राने २०१९ साली देशभर पाहणी केली. ज्ञान, वर्तन आणि दृष्टिकोन असे तीन विषय, तिन्हीत पास झाला तर तो आर्थिक साक्षर. निकाल लागला २७ टक्के. सर्वांत वर गोवा, ५० टक्के. आणि महाराष्ट्र? १७ टक्के. रिझर्व्ह बँकेचं मुख्यालय मुंबईत, सेबीचं मुंबईत, एलआयसीचं मुंबईत, १८७५ पासूनचा शेअर बाजार मुंबईत, आणि निकाल सतरा! सुशेगाद म्हणून ज्यांना आपण चिडवतो त्यांनी पन्नास टक्के काढले. गोव्यातल्या एका मित्राला मी हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “मरे, घाई करता तुम्ही. प्रश्न पुरता ऐकून घेत नसणार.”

या पाहण्यांत विचारतात ते प्रश्न अवघड नसतात. व्याजावर व्याज कसं चढतं, महागाई व्याजदराहून जास्त असेल तर साठवलेल्या पैशांत पुढच्या वर्षी जास्त वस्तू येतील की कमी, सगळे पैसे एकाच ठिकाणी ठेवावेत की वाटून. आहेराच्या वहीवाल्या काकूला मी यातला महागाईचा प्रश्न विचारला, अगदी टक्केवारीसकट. “मला बाई टक्के कळत नाहीत,” म्हणून ती मोकळी झाली. नापास. तीच काकू लिलावाच्या भिशीत नंबर किती घाटा खाऊन उचलायचा, हे चहा गाळता गाळता ठरवते. उलट आमच्या ओळखीचे एक गृहस्थ चक्रवाढ व्याज कॉलेजात शिकवत. पीपीएफसारख्या ७.१ टक्क्यांवर पैसे दुप्पट व्हायला साधारण दहा वर्षं लागतात, हे ते बहात्तरला भागून फळ्यावर सिद्ध करून दाखवत. आणि अकरा महिन्यांत दुप्पट करून देणाऱ्या एका योजनेत त्यांनी फंडाचे पैसे घातले. ज्ञानात सातपैकी सात. “गणित बरोबरच होतं, माणूस चुकीचा निघाला,” असं ते अजून म्हणतात.

दृष्टिकोनाच्या पेपरात तर भलताच सापळा असतो. आजचा दिवस मजेत घालवावा, उद्याचं उद्या पाहू, असं तुम्हाला वाटतं का? हो म्हटलं की गुण गेले. मला असा एकही मराठी माणूस आठवत नाही जो परक्या माणसासमोर याला हो म्हणेल. विचारणारा पाठमोरा झाला की मात्र पोरं लोणावळ्याला निघतात.

रिझर्व्ह बँक स्वतःही एक निर्देशांक काढते, आर्थिक समावेशनाचा. किती लोकांपर्यंत बँक पोहोचली, लोक ती वापरतात का आणि कशी, यांचं मिश्रण. मार्च २०२१ ला तो ५३.९ होता, मार्च २०२५ ला ६७ झाला. देश फर्स्ट क्लासात आला. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचंही जनधन खातं आहे, तेव्हा या ६७ त त्यांचाही वाटा. त्या खात्यावर सरकारी पैसे येतात, मेसेजही येतो. मग मावशी रिक्षा करून जाऊन ते सगळे काढून आणतात आणि दुसऱ्या गल्लीतल्या भिशीत घालतात. “बँकेत काय दादा, अडीनडीला कोणी ओळखत नाही,” असं त्यांचं म्हणणं.

अडीनडीचा विषय निघाला म्हणून. जागतिक बँकेच्या फिनडेक्स पाहणीत असा एक प्रश्न असतो: देशाच्या दरडोई उत्पन्नाच्या विसाव्या हिश्श्याएवढी रक्कम तीस दिवसांत उभी करायची झाली तर जमेल का, आणि कुठून? आपल्याकडे हा हिस्सा दहा हजारांच्या आसपास येतो. दहा हजारांत हल्ली रूट कॅनाल सुरू होतं, पुरं होत नाही. म्हणून मी रक्कम वाढवून पाच लाख केली आणि सगळ्या नातेवाइकांना एकच प्रश्न विचारला. कुठून आणाल?

रव्याच्या डब्यावाली मावशी म्हणाली, “आपला दुबईचा आहे ना!” आहेराच्या वहीवाल्या काकूने पापणी न लववता सांगितलं, “दुबईला फोन करायचा.” प्राध्यापक काका म्हणाले, तसं कोणाकडे मागायची वेळ येणार नाही, पण आलीच तर भाचा दुबईत आहेच. उणे एकवाले काकासुद्धा, जे कोणाकडे मागत नाहीत, बराच विचार करून म्हणाले, “त्याच्या लहानपणी त्याला पोहायला मी शिकवलं.” नातेवाइकांतल्या सगळ्या घरांची आर्थिक सुरक्षितता अशी एकाच मामेभावावर उभी होती आणि प्रत्येकाला वाटत होतं, तो आपल्या एकट्याच्या नावावर राखून ठेवलेला आहे.

मग मी दुबईला फोन केला. हवापाणी झालं, मुलांचं झालं, भाडं किती वाढलंय तेही झालं. शेवटी विचारलं, तुला एकदम पाच लाख लागले तर?

“अरे, त्यात काय!” तो म्हणाला. “आपला आजोबांचा सदाशिव पेठेतला वाडा आहे ना, माझा हिस्सा काढून घेईन.”

वाड्याला अठरा वारस आहेत, तीन भाडेकरू आहेत आणि दावा चालू आहे. पुढची तारीख दिवाळीनंतरची मिळाली आहे.